भाच्याचं शिफारसपत्र

“मला राग आला की मी ओरडत नाही, अक्षर नीट काढते,” असं ती एकदा प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीला म्हणाली होती. मैत्रीण खो खो हसली. तिला तो विनोद वाटला.

विनोद नव्हता. एरवी तिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण वहीत मधेच एखादं पान असं यायचं की ओळी रूळ ठोकल्यासारख्या सरळ, वेलांट्या एका उंचीच्या, एकही खाडाखोड नाही. ते पान ज्या दिवसाचं, त्या दिवशी कुणीतरी तिला काहीतरी बोललेलं असायचं. इंजिनिअरिंगच्या साडेतीन वर्षांत अशी अकरा पानं जमली होती, आणि त्यातली सात विभागप्रमुखाच्या तासाची होती.

वर्गात तिला ‘पान्हा’ म्हणत. पहिल्याच दिवशी तिच्या पिशवीतून बारा नंबरचा पान्हा ठणकन फरशीवर पडला आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. पान्हा बापाचा होता. बाप पंप दुरुस्त करायचा. घराखालीच दुकान. तिथे पोट फाडून ठेवलेल्या मोटरी, पितळेचे पंखे, ग्रीसचे डबे. वर दोन खोल्या, आणि त्या खोल्यांत जिन्यानं चढून आलेला तोच ग्रीसचा वास. आई मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखात्यात कामाला. तिच्या हातांना औषधी साबणाचा वास. ह्या दोन वासांच्या मधे अभ्यासाचं टेबल होतं.

बापाचा डावा कान पंपघरांनी खाल्लेला. उजवा मात्र भलताच तिखट. चालत्या पंपाच्या अंगाला तो लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटायचा. “मागचं बेअरिंग. महिनाभर काढेल,” म्हणायचा. बेअरिंग एकोणतिसाव्या दिवशी जायचं. ती सात वर्षांची असताना त्यानं ती मूठ तिच्या कानाशी धरली होती. आत कुणीतरी दात खातंय असं तिला वाटलं. घाबरली नाही. कुणावर खातंय, असं तिनं विचारलं.

तेच ऐकणं यंत्राला शिकवायचं, हा तिचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. म्हणायला शेवटच्या वर्षाचा; सुरुवात दुसऱ्याच वर्षी झाली होती. नळखात्याचे पंप, कारखान्यांचे पंप, रुग्णालयाच्या तळघरातले, पोहण्याच्या तलावाचे. एकशे चाळीस पंपांच्या अंगाला तिनं सुपारीएवढं यंत्र चिकटवलं, दर पंधरा दिवसांनी जाऊन आवाज उतरवले, आणि कुठला पंप कधी बसतो त्याची वाट पाहिली. वाट पाहणं तिला घरातूनच मिळालं होतं. दोन वर्षांत एकतीस पंप बसले. त्यातल्या सत्तावीस पंपांचं तिच्या यंत्रानं आधीच सांगितलेलं.

परदेशात काम मिळवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे कॉलेजात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि सांगायला मात्र सगळे एका पायावर तयार होते. कुणी एजंटांच्या व्याख्यानांना जाऊन बर्फाचे फोटो असलेली पत्रकं घेऊन यायचं. कुणी एकच अर्ज तीनशे ठिकाणी पाठवून उत्तराची वाट बघत बसायचं. तिनं दुकानातले पंपांचे जुने कॅटलॉग काढले. शेवटच्या पानावर कारखान्यांचे पत्ते असतात. ग्रंथालयातल्या मासिकांत त्याच कारखान्यांच्या इंजिनिअरांनी लिहिलेले लेख असतात. ते लेख ती वाचायची आणि त्यातली चूक शोधायची. नोकरी मागणाऱ्याला कुणी उत्तर देत नाही, चूक दाखवणाऱ्याला देतं, हे तिला तिसऱ्या महिन्यात कळलं.

चौसष्ट पत्रं. नऊ उत्तरं. आठ आभाराची. नवव्या उत्तरात दोनच ओळी होत्या: ‘आलेखातली चूक मान्य. सोबत पाठवलेले आवाज तुम्ही स्वतः नोंदवलेत का, आणि आणखी आहेत का?’ लिहिणारी बाई बेअरिंगच्या एका मोठ्या कारखान्यात चाचणी विभागाची इंजिनिअर होती. सहा महिने दोघींचा पत्रव्यवहार चालला, निव्वळ आवाजांबद्दल. मग एक दिवस बाईनं कळवलं, की आमच्याकडे दोन वर्षांची उमेदवारी असते, त्यानंतर नोकरी. अर्ज मात्र कॉलेजातूनच यावा लागतो. एका कॉलेजातून एकच नाव. सोबत प्रकल्पाचा अहवाल आणि विभागप्रमुखाचं सही-शिक्क्याचं शिफारसपत्र. निवड दुसरी माणसं करतात, माझा त्यात हात नाही.

तिथेच माशी शिंकली.

विभागप्रमुखाला मुलं ‘शिक्का’ म्हणायची. माणूस दिसायला गोड, बोलायला त्याहून गोड, आणि कागद म्हटला की त्याच्या अंगावर काटा यायचा. शिफारसपत्र हवं असेल तर मुलानं स्वतःच स्वतःबद्दल लिहायचं, टाइप करून ऑफिसातल्या क्लार्कबाईंकडे द्यायचं, आणि बाईंनी ते निळ्या फायलीत लावायचं, अशी रीतच पडली होती. गुरुवारी चहाबरोबर फाइल त्याच्यापुढे जायची. एका हातात फोन, दुसऱ्या हातात पेन. पानाचा खालचा कोपरा उचलायचा, सही, पुढचं पान. “मी कागद वाचत नाही, माणूस वाचतो,” असं तो अभिमानानं सांगायचा. अकरा वर्षं हेच चाललेलं. त्याच्या सहीची पत्रं घेऊन मुलं देशोदेशी गेली होती, आणि त्यातल्या एकाही पत्रात काय लिहिलंय हे त्याला माहीत नव्हतं.

कारखान्याचा फॉर्म आला त्या आठवड्यात त्यानं तिला खोलीत बोलावलं. समोरच्या फिरत्या खुर्चीत त्याच्या बहिणीचा मुलगा बसला होता, अर्धं वळण इकडे, अर्धं वळण तिकडे. तिच्याच वर्गातला. सगळे त्याला ‘भाचेबुवा’ म्हणत. वर्गात वेळेवर यायचा, ह्यापलीकडे त्याच्याबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती आणि कौतुकही नव्हतं.

“ये, ये. तुझं काम फत्ते झालं बघ,” शिक्का म्हणाला.

एक क्षण तिचा विश्वास बसला. तो क्षण तिनं स्वतःला पुढे कधी माफ केला नाही.

“म्हणजे, विभागाचं काम फत्ते झालं. प्रकल्प एकदम झकास. यंदा आपण ह्याचं नाव पाठवतोय.”

“सर, ते आवाज मी नोंदवलेत.”

“अगं, आवाज पंपांचे आहेत. तुझे थोडेच आहेत?” स्वतःच्या विनोदावर तो हसला. मामा हसला म्हणून भाचाही हसला. “विभागात जे होतं ते विभागाचं. तू पुढच्या वर्षी बघ.”

“पुढच्या वर्षी मी इथे नसेन, सर. हे शेवटचं वर्ष.”

“मग तर प्रश्नच मिटला. तू हुशार, तुला कुठेही लागेल नोकरी. ह्याचं अवघड आहे गं.” त्यानं आवाज खाली आणला. “आणि एक कर. ह्याचं शिफारसपत्र तूच लिहून टाक. ह्याला काय डोंबल लिहिता येणार? तुला प्रकल्प पाठ आहे, भाषाही बरी आहे. माझ्या नावानं लिही. गुरुवारच्या फायलीत लाव.”

“थोडं छान लिही हं,” भाचेबुवा म्हणाले. खुर्ची कुरकुरली.

“हो, सर,” ती म्हणाली.

घरी तिनं सगळं सांगितलं. बाप एका मोटरीची गुंडाळी उकलत होता. त्यानं तार एकदा हाताभोवती घेतली. मग म्हणाला, “बाळा, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. पदवी अजून त्याच्या हातात आहे.”

“आपण जन्मभर पाणीच उपसत आलोय, बाबा. मासा कुठे राहील मग?”

“शब्दाला शब्द नको. मी सांगतो ते ऐक.”

आई धुऊन आणलेले पडदे घडी करत होती. ती खाली बघूनच बोलली. “रक्ताचा डाग गरम पाण्यात टाकला की पक्का बसतो. आमच्याकडे नव्या मुली हीच चूक करतात. थंड पाण्यात ठेवावा. घाई करू नये.” बापानं तिच्याकडे रागानं पाहिलं. तिनं पडद्याची पुढची घडी घातली.

पत्राला चार दिवस लागले. पहिल्या मसुद्यात तिनं शिक्क्याला शिव्या दिल्या होत्या; तो फाडला. दुसऱ्यात स्वतःचं नाव घातलं होतं, स्वतःच्या दोन वर्षांबद्दल लिहिलं होतं. तो जास्त वेळ हातात धरून बसली आणि मग तोही फाडला. नाव घातलं की तो अर्ज होतो, आणि अर्ज करणारा माणूस हात पसरून उभा असतो. तिची जागा तर गेलीच होती. आता तिला एवढंच हवं होतं की ती ह्यांनाही मिळू नये, आणि जाताना ह्या माणसाच्या सहीनिशी जावी. ही इच्छा सुंदर नव्हती. तिला ते कळत होतं. कळून तिला बरं वाटत होतं.

तिसरा मसुदा तिनं आधी हातानं लिहिला, मग टाइप केला. त्यात एकही शब्द खोटा नव्हता:

‘हा विद्यार्थी मला जन्मापासून माहीत आहे, कारण तो माझ्या बहिणीचा मुलगा आहे. तो वर्गात वेळेवर येतो. स्वभावानं विनम्र आहे. सोबतच्या प्रकल्पाशी त्याचा ह्याहून अधिक संबंध नाही. एकशे चाळीस पंपांपैकी एकाही पंपाजवळ तो कधी गेलेला नाही. बेअरिंगचा आवाज कसा ऐकतात असं आपण त्याला विचारल्यास तो काय उत्तर देईल हे मला सांगता येत नाही. काम दुसऱ्या विद्यार्थ्याचं आहे. त्याचं नाव मी इथे देत नाही, कारण हे पत्र त्याच्यासाठी नाही. मी माझ्या भाच्याची शिफारस करतो, ती भाचा म्हणून.’

गुरुवारी सकाळी ती पत्र घेऊन ऑफिसात गेली. क्लार्कबाई त्या खुर्चीत सव्वीस वर्षं बसलेल्या. शिक्का कागद वाचत नसे, पण बाई प्रत्येक कागद वाचत, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. बाईंनी चष्मा लावला. पहिली ओळ वाचली. थांबल्या. शेवटपर्यंत वाचलं. परत वर गेल्या. ती टेबलाची कडा धरून उभी राहिली.

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला.

“तू लिहिलंस?”

“सरांनी लिहायला सांगितलं.”

“ते मला माहीत आहे. गेल्या वर्षी माझ्या बढतीच्या अर्जावर त्यांनी सही केली. अर्ज ‘नामंजूर’च्या गठ्ठ्यात होता. वाचलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, ‘बाई, तुमच्यावर विश्वास आहे म्हणून वाचत नाही.’” बाईंनी पान पुढे सरकवलं. “तारीख टाकायची राहिलीय.”

तिनं तारीख टाकली. बाईंनी पत्र फायलीत लावलं, अगदी मधोमध.

काचेच्या दारातून तिला शिक्का दिसत होता. फोनवर बहीणच असावी. “अगं ताई, झालंच समज. मामा कशाला बसलाय इथे?” कोपरा उचलला, सही. कोपरा उचलला, सही. तिच्या पत्राशी येऊन पेन थांबलं. त्यानं पेन झटकलं, शाई उतरली, आणि त्यानं एरवीपेक्षा जरा मोठीच सही केली.

सहा आठवड्यांनी उत्तर आलं, आणि ते थेट प्राचार्यांच्या नावे आलं. ‘आपल्या विभागप्रमुखांच्या पत्राइतकं सरळ पत्र आमच्याकडे आजवर आलेलं नाही. सख्ख्या भाच्याबद्दल इतकं स्पष्ट लिहायला धैर्य लागतं. भाच्याचा अर्ज आम्ही नाकारत आहोत. प्रकल्प ज्यानं केला त्याचं नाव, विभागप्रमुखांच्याच सहीच्या संमतीपत्रासह, महिनाअखेर पाठवावं. जागा रिकामी ठेवली आहे.’

प्राचार्यांनी भर सभेत पत्र वाचून दाखवलं आणि टाळ्या वाजवल्या. शिक्का उठून उभा राहिला. त्याचा चेहरा, तिथे हजर असलेले पुढे सांगत, गिळता येईना आणि थुंकता येईना असा झाला होता. ‘मी लिहिलं नाही’ म्हणावं, तर न वाचता सही केली हे कबूल करावं लागणार. मग अकरा वर्षांच्या पत्रांचं काय? तो खाली मान घालून म्हणाला, “कर्तव्य होतं.”

दुसऱ्या दिवशी त्याची बहीण कॉलेजात आली. ती खोलीत गेलीच नाही, तिनं त्याला वऱ्हांड्यातच गाठलं.

“सख्ख्या भाच्याचा गळा कापलास! आणि वर टाळ्या घेतोस?”

“ताई, हळू. अगं, ऐक तर—”

“काय ऐकू? ‘एकाही पंपाजवळ गेला नाही’ असं लिहिलंस की नाही? सही तुझी की नाही?”

“सही माझी आहे, पण...”

“पण काय?”

वऱ्हांड्यात चाळीस-पन्नास मुलं गोळा झालेली. पान्हा प्रयोगशाळेच्या खिडकीत उभी होती. भाचेबुवा आईच्या मागे पिशवी छातीशी धरून उभे होते, आणि पहिल्यांदाच तिला त्यांचा चेहरा नीट दिसला: साधा, गोंधळलेला, रडू आवरणारा. आत कुठेतरी बारीकसं टोचलं. तिनं ते टोचू दिलं. पण खिडकीतून ती हलली नाही. बहीण जिना उतरून जाईपर्यंत तिनं ते सगळं ऐकलं, डोळे मिटून.

मात्र शिक्का कच्च्या गुरूचा चेला नव्हता. आठवड्याभरात त्यानं हवा फिरवली. प्रामाणिकपणावर त्याचं भाषण झालं. कॉलेजच्या पत्रिकेत फोटो आला. पुढच्या प्राचार्यपदासाठी त्याचं नाव घेतलं जाऊ लागलं. तिनं लिहिलेल्या वाक्यांचे तुकडे तो आता स्वतःचे म्हणून ऐकवायचा. “मी लिहिलं ना, भाचा तो भाचा!” ते वाक्य त्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा तिला, त्या फिरत्या खुर्चीसमोर झाला नव्हता तेवढा, अपमान वाटला. आवाज चोरले होते, आता सूडही चोरला.

मग त्यानं तिला बोलावलं. ह्या वेळी खुर्ची रिकामी होती.

“तूच लिहिलंस.”

“तुम्हीच सांगितलं होतं, सर.”

त्यानं पेनाला टोपण लावलं. मग हसला, अगदी मनापासून. “हुशार आहेस. मी म्हणालोच होतो. हे बघ, झालं ते झालं. तुझं नाव पाठवतो. संमतीपत्र तयार आहे. शुक्रवारी सभागृहात समारंभ आहे, तिथे सगळ्यांसमोर तुझ्या हातात देतो. तू फक्त दोन शब्द बोल. पहिल्या दिवसापासून सरांनी मला कसं पुढे आणलं, एवढंच. तुझं काय जातंय?”

“आणि नाही बोलले तर?”

“बोलशील गं. बापाला विचार, तो सांगेल.”

शुक्रवारी बाप दुकान बंद करून आला. धुतलेला शर्ट, नखांत ग्रीस. उजवा कान व्यासपीठाकडे करून मागच्या रांगेत बसला. आई सुट्टी काढून त्याच्या शेजारी. क्लार्कबाई दाराशी उभ्या, हातात निळी फाइल. पुढच्या रांगेत प्राचार्य आणि सगळे शिक्षक. व्यासपीठावर टेबल, टेबलावर पाण्याचा पेला आणि पांढरं पाकीट.

शिक्क्यानं वीस मिनिटं भाषण केलं. मग त्यानं तिला वर बोलावलं, पाकीट उचलून छातीशी धरलं आणि माइककडे हात केला. “बोल, बाळा.”

टाळ्या झाल्या, थांबल्या.

तिनं खरं सांगायचं ठरवलं असतं तर ते जिभेवरच होतं. पण खरं सांगितलं की तो फसवला गेलेला भोळा माणूस ठरणार, आणि पहिली नोकरी जाणार ती दाराशी उभ्या असलेल्या बाईंची. आभार मानले की ते पत्र कायमचं त्याचं. दोन्हीकडून त्याचाच फायदा होता. त्यानं ते मोजूनच तिला इथे उभं केलं होतं. त्यानं एक गोष्ट मात्र मोजली नव्हती. तिचं नाव प्राचार्यांनी समारंभाच्या सुरुवातीलाच जाहीर केलं होतं. कारखाना वाट पाहत होता. ती बोलली नाही म्हणून कारखान्याकडे जायचं ते पाकीट त्यानं अडवलं, तर त्याचा प्रामाणिकपणा त्याच्याच हातांत मरणार. बहुधा अडवणार नाही. बहुधा. एकतीसपैकी सत्तावीस, चार चुकले होते.

ती माइकसमोर उभी राहिली आणि बोलली नाही.

सुरुवातीला लोकांना वाटलं, घाबरली. कुणीतरी “बोल, बोल” म्हणालं. तिनं मान वळवून शिक्क्याकडे पाहिलं आणि बघत राहिली. पंख्यांचा आवाज मोठा झाला. प्राचार्य खुर्चीत पुढे सरकले, आधी तिच्याकडे, मग त्याच्याकडे पाहू लागले. शिक्षकांतल्या एकानं दुसऱ्याला कोपर लावलं. ज्यांनी आपापली पत्रं स्वतःच लिहून फायलीसाठी दिली होती, त्या मुलांच्या रांगांतून काहीतरी हळूहळू सरकत गेलं. कुणीतरी मागे फस्सकन हसलं आणि गप्प झालं. शिक्क्याच्या ओठांवर हसू होतं, पण डोळ्यांतून ते निघून गेलं होतं. कपाळावर घाम आला. “अगं, बोल ना,” तो कुजबुजला, आणि माइक चालू असल्यानं ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. त्या आवाजात विनवणी होती.

तिनं ती पुरती ऐकून घेतली.

त्यानं पाकीट तिच्यापुढे धरलं, घाईनं, जणू ते घेतलं की सगळं मिटेल. त्याचा हात हवेत तसाच राहिला. ती व्यासपीठाच्या तीन पायऱ्या उतरली, रांगांमधल्या वाटेनं, कुणाकडे न बघता, सावकाश चालत गेली. बाईंनी दार उघडून धरलं, आणि एकही शब्द न बोलता ती बाहेर पडली.